तिसरेबंदरच्या दोन बत्त्या

तिसरेबंदर गावात दोन बत्त्या (दीपगृहं) होत्या आणि त्या दोन का होत्या, हे कुणालाच माहीत नव्हतं. तसं पहिलं आणि दुसरं बंदर कुठे आहे हेही कुणाला माहीत नव्हतं, पण त्याची गावाला सवय झाली होती. बत्त्यांचं कोडं मात्र बकुळा तांडेलच्या डोक्यात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं.

एक बत्ती बुटकी. वाळूच्या टोकाला, काळ्या खडकावर, जेवायला न मिळाल्यासारखं तोंड करून बसलेली. तिला धाकटी म्हणत. दुसरी तिच्या मागे लांब, टेकडीवर, उंच. ती थोरली. समुद्राकडे तोंड करून दोघी एकीमागे एक उभ्या होत्या, त्याही खाडीच्या तोंडासमोर नाही, तर बाजूला कुठेतरी. रुसून लांब जाऊन उभं राहावं तशा.

बकुळानं सगळ्यांना विचारून पाहिलं होतं. बाबा म्हणाले, "एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून." पण जादाची बादली कुणी टेकडीवर नेऊन ठेवतं का? शेजारची गोमाआत्या म्हणाली, "त्या जावा आहेत गो. भांडल्या, म्हणून वेगळ्या राहतात." शाळेतले सर म्हणाले, "पुस्तकात 'दीपगृह' असा एकवचनी उल्लेख आहे. दुसरी बत्ती परीक्षेला येणार नाही." आणि त्यांनी फळा पुसला.

तशीही दोन्ही बत्त्या बंदच होत्या. बकुळा जन्मायच्या खूप आधीच त्या बंद करायचा हुकूम आला होता, कारण आता प्रत्येक बोटीवर वाटाड्या होता. वाटाड्या म्हणजे एक हाताएवढी पेटी. आकाशातल्या उपग्रहांचे (पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यंत्रांचे) संदेश ऐकून आपण नेमके कुठे आहोत ते ती काढायची आणि गोड आवाजात सांगायची, "थोडं डावीकडे घ्या. खडप जवळ आहे." खडप म्हणजे पाण्याखाली दबा धरून बसलेला खडक. तिसरेबंदरच्या खाडीच्या तोंडाशी असे खडप दोन्ही बाजूंना होते आणि मधून खोल पाण्याची एकच अरुंद वाट होती. ती सरळही नव्हती, तिरकी होती. पण पेटी बोलायची, तांडेल (बोट हाकणारा) सुकाणू वळवायचा, बोट आत यायची. वाट लक्षात ठेवायची गरज कुणाला उरली नव्हती, म्हणून ती कुणी ठेवली नाही.

मग सूर्याला शिंक आली.

शास्त्रज्ञ त्याला सौरवादळ म्हणतात (सूर्यावरच्या स्फोटातून सुटलेल्या विद्युतभारित कणांचा लोंढा). तो लोंढा पृथ्वीवर येऊन आदळला, उपग्रहांची डोकी फिरली आणि गावच्या पाची बोटींवरचे वाटाडे एका सुरात म्हणू लागले, "आपण सातारा जिल्ह्यात आहात. पुढच्या चौकात उजवीकडे वळा."

पाची बोटी भर समुद्रात होत्या. त्यातल्या एका बोटीचं नाव होतं 'सुखरूप' आणि तिची तांडेल होती चंपा, म्हणजे बकुळाची आई.

दिवेलागणीची वेळ होती. बाबा, म्हणजे हिरोजी तांडेल, धक्क्याच्या टोकाला वायरलेस कानाशी लावून उभे होते. वायरलेसला उपग्रह लागत नाही. तो या माणसाकडून त्या माणसाकडे थेट बोलतो, खरखर करत का होईना.

"हिरोजी," खरखरीतून आईचा आवाज आला. "आम्ही पाचीजण एकत्र आहोत. खाडीच्या बाहेर आलोय, बहुतेक. पण नुसता उजेड दिसतोय, भिंत बांधल्यासारखा. तोंड कुठे, खडप कुठे, काय कळत नाय. वारा आत ढकलतोय. बॅटरी पण बसायला आलीय."

"घाबरू नको!" बाबा ओरडले. "आम्ही अजून दिवे लावतो!"

"लावा," आई म्हणाली. बकुळा बाबांच्या जवळ सरकली. आई मासळीच्या लिलावात अख्ख्या बाजाराला गप्प करायची. तिला "लावा" असं एका शब्दात बोलताना बकुळानं कधी ऐकलं नव्हतं.

तिसरेबंदरची एक रीत होती. बोट यायला उशीर झाला की त्या घरातल्या माणसानं समुद्राकडच्या दारात दिवा ठेवायचा. त्याला दर्यादिवा म्हणत. माणूस परत येईपर्यंत तो विझू द्यायचा नाही. विझला तर ते फार वाईट. जुन्या काळी हा दिवा अंगठ्याएवढा असायचा. आता काळ पुढे गेला होता. लोकांनी दारात हॅलोजन लावले होते. गच्चीवर लग्नातल्या माळा सोडल्या होत्या. मोटारसायकली समुद्राकडे तोंड करून, हेडलाइट लावून, रांगेत उभ्या होत्या. लग्नात डीजे वाजवणाऱ्या मोरूनं आपले सगळे फिरते दिवे वाळूवर मांडले होते, आणि ते जांभळे, हिरवे, गुलाबी होत आकाशात नाचत होते. गावावर एवढं संकट आलेलं आणि गाव दिसत होतं वरातीसारखं.

बाबांनी घरातले सगळे दिवे लावले होते. नंतर काहीच सुचेना, तेव्हा फ्रीज ओढून दारात आणला होता आणि त्याचं दार उघडं ठेवलं होतं, आतला बल्ब दिसावा म्हणून. त्या बल्बच्या उजेडात कालचं कालवण दीनवाणं दिसत होतं.

बकुळानं फ्रीजकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं आणि टेकडीकडे धाव घेतली.

थोरल्या बत्तीत बत्तीराव राहायचा. बत्तीराव यंत्रमानव होता. मुळात त्याला सरकारी कचेरीतल्या खिडकीमागे बसवायला बनवलं होतं. काहीतरी चुकलं आणि त्याची बदली बत्तीवर झाली. नंतर बत्त्या बंद झाल्या, पण त्याला परत न्यायला कुणी आलं नाही. तेव्हापासून तो बंद बत्तीची काच रोज पुसत होता.

"बत्तीराव, बत्ती लाव!" बकुळा धापा टाकत म्हणाली.

"सदर बत्ती बंद ठेवण्याबाबत आदेश आहेत," बत्तीराव म्हणाला. त्याचा आवाज रिकाम्या डब्यातून यावा तसा यायचा.

"माझी आई बाहेर आहे!"

बत्तीरावनं फडकं खाली ठेवलं. "उपरोक्त आई माझ्या परिचयाची आहे. येता-जाता हात हलवते. बंद बत्तीला हात हलवणारी ती एकमेव नागरिक आहे."

"मग लाव ना!"

"आदेशाविरुद्ध लावता येत नाही."

बकुळा पायरीवर बसली. खाली समुद्र काळा होत चालला होता. "सगळं संपणार आहे का रे?" तिनं विचारलं. "निदान तसं नाही असं तरी म्हण."

"तसं म्हणायला आशा लागते," बत्तीराव म्हणाला. "माझ्यात आशा बसवलेली नाही. त्या वर्षी निधी नव्हता."

बकुळानं मान वर केली. मग बकुळाची नजर त्या लखलखीत काचेवर गेली. "तू काच रोज पुसतोस. पण ती नीट पुसली गेलीय हे तुला कसं कळतं? बत्ती लावून बघितल्याशिवाय?"

बत्तीरावच्या डोक्यात काहीतरी टक्कन वाजलं. "देखभालीसाठी चाचणी घेण्यास परवानगी आहे," तो सावकाश म्हणाला. "आजवर कुणी मागणी केली नव्हती."

"चाचणी किती वेळ चालते?"

"समाधानकारक होईपर्यंत." त्यानं खटक्याकडे हात नेला. "आणि मी समाधानी कधीच होत नाही."

त्यानं खटका दाबला. थोरली पेटली. त्याच तारेवर, खाली खडकावर, इतकी वर्षं झोपलेली धाकटीही पेटली.

बकुळाला वाटलं होतं की आत केवढा तरी दिवा असेल. पण काचेमागे होता तो मुठीएवढा बल्ब. "एवढासाच?"

"बल्ब लहानच असतो. खरं काम भिंगाचं," बत्तीराव म्हणाला. "साधा दिवा उजेड चारी दिशांना सांडतो. जमिनीवर, छतावर, शेजाऱ्याच्या डोळ्यात. हे पायऱ्यापायऱ्यांचं भिंग तो सगळा सांडणारा उजेड गोळा करून एकाच दिशेला पाठवतं. म्हणून ही बत्ती लांबवर दिसते आणि तुमच्या फ्रीजचा बल्ब दिसत नाही."

"तुला फ्रीज दिसला?"

"इथून सर्व दिसतं. कालवण बाहेर राहिल्यानं आंबणार, हेही दिसतं."

"पण दोन कशाला? तेवढं सांग. एक पुरली नसती?"

बत्तीरावनं विचारलं, "शाळेत प्रार्थनेला रांगेत उभी राहतेस?"

"हो."

"रांग सरळ असेल तर पुढे काय दिसतं?"

"पुढच्या मुलीची वेणी."

"किती वेण्या?"

"एकच. बाकीच्या तिच्यामागे लपतात. मी जरा बाजूला झाले तर मात्र..." बकुळा थांबली. "तर तिच्या पुढचीही दिसायला लागते. मग तिच्याही पुढची. आणि सर ओरडतात, रांग मोडली म्हणून."

"रांग मोडली हे तुला सरांच्या आधीच कळतं. कारण वेण्या एकमेकींपासून सरकलेल्या दिसतात. याला पराशय म्हणतात (पाहणारा बाजूला सरकला की जवळची वस्तू लांबच्या वस्तूच्या मानानं सरकल्यासारखी दिसणं). एका बत्तीवरून एवढंच कळतं, की गाव तिकडे आहे. पण आपण वाटेवर आहोत की वाटेच्या बाजूला, हे एका बत्तीला सांगता येत नाही. एक वेणी कुठूनही एकच दिसते."

बकुळा उठून उभी राहिली. खाली धाकटी, इथे थोरली. तिनं मनातल्या मनात दोघींमधून एक दोरा ओढला आणि तो पुढे समुद्रात सोडला. तो सरळ तिरक्या वाटेवर जाऊन पडला.

"त्या रुसून बाजूला गेलेल्या नाहीत!" ती ओरडली. "आधी खोल पाण्याची वाट शोधली आणि मग त्या वाटेच्या रेषेत, जमिनीवर, या दोघी बांधल्या! आणि मागची उंच, म्हणजे पुढचीनं तिला झाकू नये!"

"बोटीवरून थोरली धाकटीच्या बरोब्बर डोक्यावर दिसली, म्हणजे बोट वाटेवर आहे," बत्तीराव म्हणाला. "सरकलेली दिसली, म्हणजे बोट भरकटली. मग धाकटी ज्या बाजूला दिसते त्या बाजूला वळायचं. यांना दिशादर्शक बत्त्या म्हणतात (दोन दिव्यांच्या रेषेनं वाट दाखवणारी जोडी)."

"मग आता आईला दिसेल!"

"दिसणार नाही."

"का?"

बत्तीरावनं हात करून खाली गाव दाखवलं. हॅलोजन, हेडलाइट, माळा, मोरूची जांभळी वरात. त्या झगमगाटात धाकटी कुठे आहे हे बकुळाला टेकडीवरूनही सापडेना.

"दिवसा आकाशात तारे असतात," बत्तीराव म्हणाला, "पण दिसत नाहीत. झगझगीत उजेड समोर आला की डोळ्याची बाहुली (मधलं काळं भोक, ज्यातून उजेड आत जातो) आक्रसते. मग बारीक दिवे तिला दिसतच नाहीत. गावानं प्रेमानं भिंत बांधली आहे. सदर भिंतीमागे आपली चाचणी चालू आहे."

बकुळा धक्क्यावर पोचली तेव्हा पौर्णिमेच्या बाजारासारखी गर्दी होती. तिनं आधी स्वतः खात्री केली. धक्क्याच्या टोकाला जाऊन ती गावाकडे वळली. नुसता लखलखाट. मग दोन्ही हातांची नळी करून तिनं ती डोळ्याला लावली, आजूबाजूचा उजेड तोडला आणि शोधत गेली. सापडली! खडकावर धाकटी, पांढरी, ठाम. तिच्या वर जरा उजवीकडे थोरली. बकुळा डावीकडे, धाकटीच्या बाजूला, सरकत गेली तशी थोरलीही सरकत गेली आणि एका जागी येऊन नेमकी धाकटीच्या डोक्यावर बसली. आणखी एक पाऊल डावीकडे, तर डोक्यावरून पलीकडे घसरली. बत्तीराव खरं बोलत होता.

"बाबा, सगळे दिवे बंद करायला हवेत!"

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं बोट बुडवायला सांगितली होती.

"अंधार करू? तुझी आई बाहेर असताना?"

"उजेडामुळेच तिला दिसत नाहीये!"

"उजेडामुळे दिसत नाही," बाबा म्हणाले. "पाण्यामुळे तहान लागते. जेवल्यामुळे भूक लागते. बकू, मला आज अकलेच्या गोष्टी सांगू नको. मला आज काहीच कळत नाहीये."

मोरू म्हणाला, "ताई, मी अजून धुराचं मशीन आणू का?"

बकुळानं वेण्यांचं सांगितलं, ताऱ्यांचं सांगितलं, हातांची नळी करून दाखवली. एक-दोघांनी नळी करून पाहिलंही. पण कुणाचा हात बटणाकडे जाईना. शास्त्र त्यांना पटत नव्हतं असं नाही. पण प्रत्येकाच्या दारातला दिवा एकेका माणसाचा होता. तो आपल्या हातानं विझवायचा आणि माणूस परत आलाच नाही, तर उरलेला जन्म त्या हाताचं काय करायचं? याचं उत्तर कुठल्याच शास्त्रात नव्हतं.

वायरलेस खरखरला. "हिरोजी, पाण्याचा आवाज बदललाय. फुटल्यासारखा येतोय. खडप जवळ आहे, कुठल्या बाजूला ते कळत नाय." मग जरा थांबून, "बकू जेवली का?"

बाबांनी वायरलेस छातीशी धरला.

बकुळा मागे वळली आणि गोमाआत्याच्या दारात गेली.

गोमाआत्याच्या दारात हॅलोजन नव्हता. मातीची पणती होती, तीच जुनी, अंगठ्याएवढी. बकुळा जन्मायच्या आधी एका संध्याकाळी गोमाआत्याचा नवरा समुद्रावर गेला होता, आणि त्याला उशीर झाला होता. ही पणती तेव्हाची. तो उशीर अजून संपला नव्हता. गावात कुणी त्याबद्दल बोलत नसे. आत्या रोज तेल घालायची, वात सारायची आणि "आज पण उशीर झाला वाटतं," असं पुटपुटायची. सगळ्या गावाला माहीत होतं, की हा दिवा दारात तेवतोय तोवर कुणीच आपला दिवा विझवणार नाही.

"आत्या," बकुळा म्हणाली, "दिवा विझवायचा नाही."

"मग काय करायचं?"

"आत घ्यायचा. तेवत ठेवायचा, पण आत. दारं-खिडक्या लावायच्या. उजेड बाहेर जाऊ द्यायचा नाही."

गोमाआत्या पणतीकडे बघत राहिली. लांब कुठेतरी मोरूचा गुलाबी दिवा फिरून येऊन तिच्या चेहऱ्यावर पडला आणि गेला.

"आत ठेवला तर त्याला दिसेल का गो?"

बकुळाला खोटं बोलता आलं असतं. "माहीत नाही," ती म्हणाली. "पण आईला आत्ता काहीच दिसत नाहीये."

आत्यानं पणती उचलली. ओंजळीच्या आडोशानं, वारा लागू न देता, ती आत गेली. चुलीच्या कोनाड्यात पणती ठेवली, समोर मडकं ठेवलं, हवा लागेल एवढी फट सोडली. बाहेर येऊन तिनं दार ओढून घेतलं. तिचं दार काळं झालं.

सगळ्या धक्क्यानं ते पाहिलं.

पहिला माणूस हलायला थोडा वेळ लागला. मग शेजारच्या घरात हॅलोजन आत ओढल्याचा आवाज आला. मग कुणी खिडकीवर गोधडी टांगली. कुणी दिव्यावर घमेलं पालथं घातलं, कुणी बर्फाची पेटी. माळा आत ओढल्या गेल्या, मोटारसायकली हेडलाइटसकट घरात ढकलल्या गेल्या. एकानं दिवा कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घट्ट धरून उभा राहिला. विझवला कुणीच नाही. मोरूच्या दिव्यांना मात्र रीतिरिवाजात काहीच स्थान नव्हतं, म्हणून बकुळानं जाऊन त्यांची तार सरळ उपटली. जांभळं आकाश निमूटपणे काळं झालं.

शेवटी एकच उजेड उरला. तो फ्रीजचा होता.

बाबा फ्रीजसमोर उभे होते. "मी दार लावलं," ते म्हणाले, "तर आत दिवा लागलेला राहतो का गं?"

हा प्रश्न माणसाला आजवर अनेकदा पडलेला आहे. खरं उत्तर बकुळाला माहीत होतं. दार लावलं की बल्ब बंद होतो, त्यासाठी आत एक छोटं बटण असतं. तिनं वाकून ते बटण दाबलं जाणार नाही असं चिकटपट्टीनं अडवून टाकलं. "आता राहतो," ती म्हणाली.

बाबांनी दार लावलं.

तिसरेबंदरवर असा अंधार कुणी पाहिला नव्हता. शेजारी कोण उभं आहे हे श्वासावरून ओळखायची वेळ आली. मग हळूहळू डोळ्यांच्या बाहुल्या उघडल्या आणि लोकांना आकाशात तारे दिसले, ढगांच्या फटीतून. आणि जमिनीवर फक्त दोन दिवे. एक खाली, एक वर.

वायरलेस गप्प होता.

बकुळा त्या गप्प पेटीकडे बघत उभी राहिली. तिनं सगळ्या गावाला अंधारात ढकललं होतं. आता जर काही झालं नाही, तर हा अंधार तिलाच जन्मभर पुरवून पुरवून वापरायचा होता. बाबांनी अंधारात तिचा हात शोधला. त्यांचा हात बर्फाएवढा गार होता. अर्थात फ्रीजपाशी बराच वेळ उभे होते.

खरखर झाली.

"हिरोजी!" आईचा आवाज. "अंधार का केलात? कोण मेलं?"

"अजून कोणी नाही!" बाबा ओरडले. बकुळानं त्यांच्या हातातून वायरलेस घेतला.

"आई, मी बकू. आता काय दिसतंय?"

"दोन बत्त्या. पांढऱ्या. बंद होत्या ना या?"

"चाचणी चाललीय. नीट ऐक. खालची धाकटी, वरची थोरली. थोरली धाकटीच्या डोक्यावर बरोब्बर आली, की तू वाटेवर. कळलं? सरळ रांगेत एकच वेणी!"

"कसली वेणी?"

"ते घरी आल्यावर. आत्ता धाकटी कुठे दिसतेय?"

"थोरलीच्या डावीकडे. बरीच."

"मग डावीकडे वळ. धाकटीकडे."

"डावीकडे तर खडप आहे, असं मला वाटतं!"

"तुला वाटतं ना? तुला दिसतंय का?"

आईच्या मागून वाटाड्याचा गोड आवाज ऐकू आला, "पुढच्या चौकात उजवीकडे वळा." मग धप्प असा आवाज आला. बहुधा कुणीतरी वाटाड्याला काहीतरी फेकून मारलं असावं.

"वळतेय," आई म्हणाली. "धाकटी जवळ येतेय थोरलीच्या. अजून... अजून... बसली! एकीवर एक बसली!"

"आता तशीच धरून ये. घसरली तर धाकटीकडे वळ."

"धाकटी घसरली उजवीकडे."

"उजवीकडे."

"बसली." आणि मग आईनं आपल्या खऱ्या आवाजात, लिलावातल्या आवाजात, मागच्या चौघांना सुनावलं, "ए, माझ्यामागे रांगेत या सगळे! आणि डोळे त्या बत्त्यांवर ठेवा, माझ्यावर नको!"

अंधारातून आधी आवाज आला, बोटींच्या दमलेल्या मोटरींचा. मग 'सुखरूप'चं नाक दिसलं. तिच्यामागे दुसरी, तिसरी, चौथी. पाचवी शेवटच्या वळणावर खडपाला घासली, तिच्या बुडावरचा रंग गेला आणि तिच्या तांडेलनं असे शब्द वापरले, जे या गोष्टीत येऊ शकत नाहीत. पण तीही आत आली.

पुढची थोडी मिनिटं धक्क्यावर इतकी रडारड झाली, की बाहेरून कुणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, पाची बोटी बुडाल्या. आईनं बकुळाला उचललं, मग ती आता मोठी झालीय हे कंबरेला कळल्यावर खाली ठेवलं. "कसली वेणी ते सांग आता," ती म्हणाली. बकुळानं तिथेच, वाळूवर मुलांना एकामागे एक उभं करून, सगळ्यांना दाखवलं. आईनं स्वतः बाजूला सरकून दोनदा पाहिलं. मग म्हणाली, "एवढं सोपं होतं?" आणि खाली बसली.

लोक घरोघरी जाऊन आपापले दिवे बाहेर काढू लागले. ते तेवत होते सगळे. आता रीतीप्रमाणे, माणूस समोर असताना, एकेक दिवा शांत केला गेला. किल्ली खिशात धरलेल्या माणसाला कुलूप उघडेना, तेव्हा कपाट फोडावं लागलं. फ्रीजमधला दिवा आईनं स्वतः बंद केला आणि कालवण हुंगून म्हणाली, "हे कुणीही खाऊ नका."

गोमाआत्या मात्र घरी गेली नाही. ती खडकावर, धाकटीपाशी बसली होती. बकुळा तिच्याजवळ गेली.

"तो म्हणायचा," आत्या म्हणाली, "'थोरली धाकटीच्या डोक्यावर बसली, की घर आलं.' मला वाटायचं, सासूबद्दल आणि माझ्याबद्दल बोलतोय. रागवायची मी."

बकुळानं आत्याच्या शालीचं टोक धरलं.

टेकडीवरून बत्तीराव उतरून आला. त्याच्या हातात फडकं होतं. आत्यानं त्याच्याकडे मान वर करून पाहिलं.

"ती चाचणी झाली का रे तुझी?"

बत्तीरावनं धाकटीच्या काचेवर बोट फिरवलं, बोट निरखून पाहिलं. "असमाधानकारक," तो म्हणाला. "उद्या पुन्हा घ्यावी लागेल. परवाही. एकंदरीत पाहता, ती संपण्याची लक्षणं दिसत नाहीत."

"मग बरं," गोमाआत्या म्हणाली. "मग माझी पणती मी आतच ठेवते. तिथे वारा लागत नाही. बाहेर या दोघी आहेत."

ती उठली आणि अंधारातून, दोन बत्त्यांच्या उजेडाकडे पाठ करून, घराकडे चालू लागली. सरळ चालत होती.

"बत्तीराव," बकुळानं विचारलं, "तुझ्यात आशा बसवलेली नाही ना?"

"नाही."

"मग रोज बत्ती कशी लावशील?"

बत्तीराव काच पुसू लागला. "बत्ती लावायला आशा लागत नाही," तो म्हणाला. "तेल-वीज लागते. आशा समोरच्या बोटीवर असते. तिथून बत्ती दिसली, की आपलं काम झालं."

त्यानं काच पुसून संपवली, तिच्याकडे मान तिरकी करून पाहिलं, समाधान झालं नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून पुसायला घेतली.